उपकाराच्या फेरीचं शेवटचं दार

धाड,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुवर्णा हिस बाबांचे अ. आ., जावईबापूंस सप्रेम सलाम आणि अर्पिताच्या दोन्ही गालांवर एकेक पापा.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोन करत जा म्हणतेस, पण फोनवर तू ओरडतेस, मी ओरडतो अन् आपल्या घरचं सगळं गल्लीले कळते. त्यापेक्षा पत्र बरं. कानात घालायचं मशीन घेऊन देते म्हणतेस, तर त्याचं नाव काढू नको. बहात्तर वर्षं ऐकलं, पुष्कळ झालं.

खांद्याचं हाड जुळलं. हात आता डोक्यापर्यंत जाते, टोपी मीच घालतो. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. बाया अकराले येतात अन् चारले जातात, पण बोलून काही उपयोग नाही. गहू पेरून झाला. तुझी आई बरी आहे, म्हणजे मले दिवसभर बोलत असते.

अर्पितानं लिहिलं आहे की शाळेत नाताळावर निबंध आहे, तर आपल्या गावची उपकाराची फेरी म्हणजे काय ते सांगा. तिले वाचून दाखव. बाकी ठिकाणी नाताळाची गाणी म्हणणारे लोक ख्रिस्ती घरोघरी जातात अन् चिवडा-करंज्या खाऊन येतात. आपल्या मंडळीत तसं नाही. वर्षभरात देवानं आपलं भलं कोणाच्या हातून केलं, त्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबाच्या हाती द्यायचं. चोवीस तारखेच्या संध्याकाळी सगळी मंडळी गात गात त्या माणसाच्या दारी जाते. तो कोणत्याही जातीधर्माचा असो. त्याच्या दारात आपण पाणीसुद्धा प्यायचं नाही, चहा-फराळ आपणच न्यायचा. अन् घरच्या कर्त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं की तुमच्या हातून देवानं माझं हे हे केलं. माझ्या आज्यापासून हे चालू आहे. सत्तावीस वर्षं फेरीच्या पुढं मी चालतो. जो तोंडातल्या तोंडात पुटपुटते, त्याले मी परत बोलायले लावतो.

ऑगस्टात विहिरीतून जिवंत बाहेर आलो तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. दर रविवारी चर्चमध्ये उभा राहून देवाचे आभार मानतो, अन् चांगला खणखणीत मानतो. यंदा चिठ्ठीवर हाड बसवणाऱ्या बुलढाण्याच्या डॉक्टरचं नाव टाकणार आहे. मंडळी चौदा जण आहे, जीप करून जाऊ. डॉक्टर खूश होईल.

तुझी चोवीसची ड्युटी बदलून मिळते का पाहा. नाहीच मिळाली तर मन खट्टू करू नको. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझे बाबा,
माणिकराव


खामगाव,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा व ती. आई यांस सुवर्णाचा सप्रेम सलाम.

वि. वि. तुमचं पत्र अर्पितानं मोठ्यानं वाचलं आणि निबंध लिहूनही टाकला. चोवीसची ड्युटी काही बदलून मिळत नाही. आमच्या वॉर्डात सगळ्यांना त्याच दिवशी घरी जायचंय. पंचवीसला रात्रीपर्यंत निघता येतं का बघते, नाहीतर सव्वीसला.

बाबा, आता जरा रागावते. पाठीवर मारून घ्यायला मी तिथे नाही, म्हणून धीर आलाय. तुमच्या पत्रात हाड आहे, टोपी आहे, डॉक्टर आहे, जीपसुद्धा आहे. विहिरीत उडी कोणी मारली, त्या माणसाचं नाव मात्र कुठेच नाही. अर्पितानं विचारलं की आजोबा स्वतःच वर आले का. काय सांगू तिला?

आईनं मला दवाखान्यातच सगळं सांगितलं होतं. मोटार काढायला तुम्ही पायऱ्या उतरलात, पाय घसरला. शेजारच्या शेतातून पंजाबकाका धावत आले, दोर कमरेला बांधून खाली उतरले आणि लोक बाज घेऊन येईपर्यंत पाऊण तास तुम्हाला पाण्यावर धरून राहिले. पाऊण तास, बाबा. मी नर्स आहे, भिजलेल्या, बेशुद्ध माणसाचं वजन किती असतं ते मला माहीत आहे.

सोळा वर्षांपूर्वी त्यांनी तुम्हाला भर बाजारात चापट मारली, हे घरात आम्ही सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलंय. तुम्ही तेव्हा भाड्यानं चालवायचात ती जीप थांबवली नाही एवढ्या कारणावरून मारली, हेही ऐकलंय. त्यांनी चूकच केली. पण चापट एक आणि पाऊण तास एक, ही दोन्ही त्याच हातांची कामं आहेत.

डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. त्यांना आपण पेढे देऊ. चिठ्ठीवर कोणाचं नाव हवं, ते सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवणाऱ्याला मी काय शिकवणार!

लेक आगाऊ आहे असं म्हणा, पण लेकीवरची माया आटू देऊ नका.

तुमची,
सुवर्णा


धाड,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुवर्णाले आईचे लाख आशीर्वाद.

तुह्ये बाबा शेतात गेले, तवा लिहून राह्यली. अक्षराले हसू नको.

तुह्यं पत्र त्यायनं तीनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा चष्मा काढून अन् एकदा अंगणात जाऊन. मंग जेवाले बसले तं ठेचा मागितला नाही. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मी म्हटलं, काऊन हो, तोंडाले चव नाही काय? तं म्हणे, आहे.

बाजाराच्या दिवशी तं कहरच केला. मेथी आणाले गेले होते. समोरून पंजाबराव येतांनी दिसले, तं हे घुसले बांगड्यायच्या गल्लीत. बांगडीवाली म्हणे काका काय देऊ. आता रिकाम्या हातानं कसं निघावं? एक डझन हिरव्या बांगड्या घेऊन घरी आले. मेथी नाही. अन् बांगड्या इतक्या लहान की माह्या मनगटावर चढत नाईत. अर्पितासाठी ठेवल्या आहेत.

एक गोष्ट तुले आजवर सांगतली नाही, ते आज सांगतो. पंजाबरावच्या दोन्ही तळहाताले दोरानं कापलं होतं. महिनाभर पट्टी होती, आऊत धरता येत नव्हतं. मी तुह्या बाबाले न सांगता त्यायच्या घरी गेली, तेल-हळद घेऊन. त्यायच्या बायकोपुढं, विमलबाईपुढं, हात जोडले. विमलबाई म्हणे, आभार तुमचे पोचले बाई. नळावर रोज भेटते, साधी बोलते, हसते. पण ते 'तुमचे पोचले' माह्या काळजात बसलं आहे.

तुह्या बाबानं काल एक चिठ्ठी लिहिली अन् फाडून चुलीत टाकली. काय लिहिलं होतं ते चुलीले माहीत. मले वाटते यायच्या मनात आणखी काही आहे. तू लिहित राह्य. तुह्यं ऐकतात, माह्यं ऐकाची त्यायले सवय नाही.

अंगाले जप. आईची आठवण ठेव.

रुख्मिणी


धाड,
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुवर्णा हिस अ. आ.

वि. वि. रविवारी चिठ्ठ्या झाल्या. मी माझी दिली, पण कोरी दिली. पाळकसाहेबानं उलटीपालटी करून पाहिली. प्रार्थना झाल्यावर बाजूले घेऊन म्हणाले की माणिकराव, ज्याले नाव सापडलं नाही त्यानं फेरीच्या पुढं चालू नये, हा नियम तुम्हीच केलेला. खरं आहे. मीच केला होता, दुसऱ्यासाठी. यंदा कचरू पुढं चालणार. ढोलकं बरं वाजवते, पण आवाज बसका आहे.

तुझी आई म्हणते, एवढा काय अहंकार. तूही मनात तेच म्हणत असशील. अहंकार आहेच, नाही कुठं म्हणतो. पण खाली आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहितो. आईले सांगितली नाही, पाळकाले सांगितली नाही. तू वाच अन् मग माझ्याविषयी जे वाटायचं ते वाटू दे.

मे महिना होता, लग्नसराई. जीपमध्ये वऱ्हाड होतं, मुहूर्त बाराचा, अन् मी निघालो उशिरा. फाट्यावर बाभळीखाली बाज टाकलेली होती. बाजेवर पंजाबरावची आई, डोक्यावर ओला फडका. पंजाबराव रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत होता. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की वऱ्हाडानं थांबू दिलं नाही. खोटं आहे. जीपमध्ये कोणी एक शब्द बोललं नाही. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी मुहूर्त पाहिला, बाजूनं गाडी काढली अन् गेलो.

मग आरशात पाहिलं. म्हातारी बाजेवर उठून बसायले पाहत होती. गाडी थांबली असं वाटलं असन तिले.

दीड तासानं त्यांना ट्रॅक्टर भेटला. म्हातारी वाचली, पण उजवा हात अन् पाय गेला तो गेलाच. चार वर्षं ओट्यावर बसून होती. मी त्या गल्लीनं जाणं सोडलं. बाजारात पंजाबरावनं कानाखाली मारली, ती मी सोळा वर्षं सांगितली. बाज सांगितली नाही. आता सांग, कोणत्या तोंडानं त्याच्या दारी उभा राहू? नुसते आभार मानायचे असते तर मानले असते. पण त्याच्यासमोर तोंड उघडलं की आधी ही गोष्ट बाहेर पडते, अन् ती बाहेर काढायची माझी छाती नाही.

विहिरीत असताना शुद्ध पूर्ण गेली नव्हती, हेही आज लिहून टाकतो. तो माझ्या कानाशी सारखं म्हणत होता, 'सोडू नका, माणिकभाऊ, दोर सोडू नका.' बाकी काही म्हणाला नाही.

या पत्राले उत्तर द्यायचं नसलं तरी चालेल. पण मनातून काढू नको.

बाबा


खामगाव,
९ डिसेंबर २०२४

ती. बाबांस सुवर्णाचा सप्रेम सलाम.

वि. वि. पत्र ड्युटीवर वाचलं, परत घरी येऊन वाचलं. खूप रडले. आता रडून झालंय, म्हणून लिहिते.

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. अशा आजारात दीड तासाला काय किंमत असते, ते मी रोज बघते. झालं ते लहान नव्हतं. तुम्ही माझे वडील आहात म्हणून ते लहान होणार नाही.

पण बाबा, विहिरीत कोण पडलंय ते पंजाबकाकांना ठाऊक होतं. तुमचा आवाज अख्ख्या धाडला ओळखू येतो. त्यांनी काठावर उभं राहून विचार करायला दोन मिनिटं घेतली असती, तर आज हे पत्र मी कोणाला लिहिलं असतं? तुम्ही देवाचे आभार मानता, ते मनापासून मानता, यात मला शंका नाही. पण ज्याच्या हातून त्यानं दिलं, त्याला टाळून मानता. निम्म्या वाटेवर ते आभार अडकून पडलेत, असं मला वाटतं.

तुम्ही म्हणता, तोंड उघडलं की ती गोष्ट बाहेर पडेल. पडू द्या ना. चापट पुन्हा बसली तर बसली. औषध लावायला मी सव्वीसला येतेच आहे.

तुमच्यावरचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही, उलट आजवर कधी वाटला नव्हता तेवढा तुमचा आधार वाटतो. का ते सांगता येत नाही. जीव सांभाळा आणि मला आपली म्हणत राहा.

तुमची,
सुवर्णा


धाड,
२५ डिसेंबर २०२४, दुपार

चि. सौ. सुवर्णा हिस नाताळाचे अ. आ. जावईबापूंस सलाम. अर्पितास तिच्या मापाच्या बारा बांगड्या आहेत.

वि. वि. तू उद्या येणार म्हणतेस, अन् न आलीस तर हे पत्र तुले चार दिवसांनी मिळेल. पण मले तेवढा धीर नाही. आत्ताच लिहून टाकतो, अन् आलीस तर हातात देतो.

बावीसच्या रविवारी पाळकसाहेबाच्या हाती चिठ्ठी दिली. उशीर झाला, घ्यायची तर घ्या म्हटलं. त्यांनी वाचली अन् कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. बायबलात ठेवतात, ही खिशात ठेवली.

काल चार वाजता फेरी निघाली. कचरू पुढं, मी सगळ्यांत मागं, हातात चहाची किटली. पाच दारं झाली. एक नर्सबाई, एक वायरमन, एक शाळेचे गुरुजी, दोन शेजारी. सहावं दार पंजाबरावचं. चर्चपासून तिसरं घर, पण मी सोळा वर्षं तिथून गेलो नव्हतो. विमलबाईनं सडा घातला होता, सतरंजी अंथरली होती. गावात असल्या गोष्टी लपत नाहीत. अन् पंजाबराव घरी नाही! विमलबाई म्हणाली की ढोलक्याचा आवाज ऐकला अन् फावडं उचलून शेतात गेले, गव्हाले पाणी द्यायचं आहे म्हणे. त्यांले कोणी चांगलं म्हटलं की कान लाल होतात.

कचरू माझ्या कानाशी येऊन म्हणाला की काका, दार ते दार, वहिनीले सांगा अन् मोकळे व्हा. पाळकसाहेबही म्हणाले, चालते. खरं सांगतो सुवर्णा, क्षणभर मले फार बरं वाटलं. विमलबाईले सांगणं सोपं होतं. ती डोळ्याले पदर लावून ऐकून घेत होतीच. मग मले माझाच राग आला. किटली तुझ्या आईच्या हाती दिली अन् शेताची वाट धरली. मागं वळून पाहिलं तर सगळी मंडळी माझ्या मागं. कचरू ढोलकं डोक्यावर घेऊन धुऱ्यानं, बांधाबांधानं येऊन राह्यला.

दिवस मावळायच्या आत पोचलो. पंजाबराव गव्हात उभा होता, गुडघाभर चिखल, पाणी वळवून राह्यला. आम्हाले पाहून म्हणाला की वाफा भरत आला आहे, मोटारीची लाईन सहाले जाते, थांबा जरा. थांबलो असतो तर पुन्हा घाबरलो असतो. जोडे काढले अन् चिखलात उतरलो. घरून पाठ करून आणलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठं. तोंडातून निघालं ते हे निघालं.

'पंजाबराव, त्या दिवशी आरशात तुझी आई दिसली होती मले. कोणी अडवलं नव्हतं. मीच थांबलो नाही. अन् तू माह्यासाठी विहिरीत उतरला. देवानं मले तुझ्या हातून बाहेर काढलं.'

मंडळीतल्या कोणाले ही गोष्ट माहीत नव्हती. तुझ्या आईलेही नव्हती. पंजाबरावनं फावड्यानं माती ओढली, वाफ्याचं तोंड बंद केलं, दुसऱ्याचं उघडलं. मी मनात म्हटलं, मारू दे, आज गाल पुढं आहे. तो माझ्याकडं न पाहता म्हणाला की तुम्ही आरशात पाहिलं ते मले तवाच दिसलं होतं. मग फावडं रोवलं, माझा दुखरा खांदा सोडून दुसरा दंड धरला अन् मले चिखलातून धुऱ्यावर घेऊन आला. हात मऊ करून धरला होता.

कचरूनं ढोलकं माझ्यापुढं आणून थाप मारली अन् मले पुढं ढकललं. सुवर्णा, मी गायलो. पाच महिने चर्चमध्ये ओरडत होतो, ते गाणं नव्हतं हे मले काल कळलं. आपलं नाताळाचं जुनं गाणं, सगळी चारही कडवी. शेजारच्या शेतातल्या कापूस वेचणाऱ्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन उभ्या राहिल्या. पाणी वाफ्यावरून गेलं, गव्हातून गेलं, थेट माझ्या तुरीत शिरलं, तरी कोणी हललं नाही. नंतर पंजाबराव म्हणाला की तुमच्या तुरीले फुकट पाणी झालं. एवढं हसलो सगळे की कचरूच्या डोळ्यातून पाणी आलं, अन् माझ्याही.

परत आलो ते वाजतगाजत. पंजाबरावले पुढं घातलं, कान लाल झाले तरी सोडलं नाही. वेशीपासून लोक दारात आले. विमलबाई अन् तुझी आई एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लग्नाची वरात जावी तसे आम्ही म्हातारे गावातून गेलो. सत्तावीस फेऱ्या केल्या, पण अशी फेरी या गावानं पाहिली नाही.

त्याच्या ओट्याशी आलो, मंडळी पांगली, तेव्हा त्यानं मले थांबवलं. ओट्यावर हात ठेवून म्हणाला की मी रविवारी इथं बसतो, अन् तुमच्या चर्चची खिडकी इकडंच उघडते. मग म्हणाला,

'तुम्ही दर रविवारी देवाले सांगत होते, माणिकभाऊ. मी इथं बसून वाट पाहत होतो, देव मले कधी सांगते म्हणून.'

तो पायरी चढला, दारात वळला अन् म्हणाला,

'आज सांगितलं त्यानं.'

तुझा अन् आता पंजाबरावचाही,
माणिकराव